चेहऱ्याचा लकवा: एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा

एका बाजूचा लकवा घरात लगेच कळतो, कारण तोंड वाकडं दिसतं. दोन्ही बाजू सैल पडल्या की चेहरा सरळच राहतो आणि माणूस नुसता थकलेला, गप्प वाटतो. इथेच वेळ जातो, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला सांगून पाहा. जमत नसेल, चहा ओठांतून ओघळत असेल, तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) असलेलं रुग्णालय गाठा.

एका बाजूला, कपाळासकट लकवा असेल तर बहुतेकदा तो बेल्स पाल्सी असतो, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला नेमक्या कारणाशिवाय अचानक आलेला लकवा. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं की बरं होण्याची शक्यता वाढते. (कपाळ हलतंय, पण हात लुळा किंवा बोलणं अडखळतं, तर तो मेंदूचा झटका समजून धावा.)

दोन्ही बाजूंना मात्र बेल्स पाल्सी क्वचितच होते, म्हणून कारण शोधावंच लागतं: गिया-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते), क्षयाचा मेंदूज्वर, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), एचआयव्ही, रक्ताचा कर्करोग, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर. जन्मतःच असेल तर मोबियस सिंड्रोम, म्हणजे चेहऱ्याच्या नसांचा जन्मजात दोष. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून हे नाव तिथे घरोघरी पोहोचलं. पायांना मुंग्या, जिना चढताना त्रास आणि त्यात चेहरा सैल, असं चित्र असेल तर घरी स्टेरॉइड घेत बसू नका. जीबीएसमध्ये त्यांचा उपयोग होत नाही, आणि श्वासाचे स्नायू कधी दगा देतील सांगता येत नाही. एका दमात वीसपर्यंत मोजता येईना, तर आयसीयू असलेलंच रुग्णालय हवं.

जीबीएसवर दोन उपाय आहेत, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी शिरेतून देणं) आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (यंत्राने रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून बदलणं), आणि दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत. आयव्हीआयजी साध्या शिरेतून साधारण पाच दिवस देतात. सोपं, पण महाग. मूत्रपिंड कमजोर असेल तर जपून द्यावं लागतं. प्लाझ्मा एक्स्चेंजला यंत्र, अनुभवी माणसं आणि बहुधा शिरेत जाड नळी (कॅथेटर) लागते, शिवाय रक्तदाब खाली-वर होतो. ज्याची सोय लवकर होईल तो घ्या, असं माझं मत आहे. एकापाठोपाठ दोन्ही केल्याने जास्त फायदा होत नाही.

लकवा एका बाजूचा असो की दोन्ही, डोळ्यांची काळजी सारखीच: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटून चिकटपट्टी. ती आजच सुरू करा, निदानाची वाट पाहू नका.