मागे वायर नव्हती, तरी मी पैसे पाठवले

१,२८,२०० रुपये. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरी तीन आठवडे मी 'थोडेफार अडकलेत' एवढंच सांगत होतो.

मला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर हवे होते. हौस नडली म्हणणाऱ्यांनी ऐकावं. कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. त्यांचे तंबोरे साध्या स्पीकरच्या कागदी कोनातून मला कायम कोंदटच ऐकू आले. म्हणून वर्षभर वाचलं. प्लॅनर प्रकारच्या स्पीकरमध्ये पातळ फिल्मवर तारा चिकटवलेल्या आणि मागे चुंबकांच्या पट्ट्या. आवाज मोकळा, पण ॲम्प्लिफायर दणकट लागतो. रिबनमध्ये ॲल्युमिनियमची पट्टीच हलते. वरचे सूर सुरेख, पण इतकी नाजूक की जोरात फुंकर बसली तरी बिघडते. इलेक्ट्रोस्टॅटिकची फिल्म दोन जाळीदार पत्र्यांमध्ये असते आणि तिच्यावर सतत काही हजार व्होल्ट लागतात, त्यासाठी भिंतीतल्या प्लगची वेगळी वायर असते. गळ्यासाठी मला हाच प्रकार पटला.

कोल्हापूरचा म्हणून एक जण जाहिरातीत भेटला. "काका, माझं आजोळ शहापूरचं," म्हणाला, तेही अगदी आमच्या बोलीत. इथं आपल्या भाषेत गोड बोलणारा माणूस परका वाटतच नाही, आणि त्यानं तेच हेरलं. गुरुवारी दुबईला निघालोय, हुबळीचं गिऱ्हाईक थांबलंय, हे नेहमीचं पालुपदही होतंच.

त्यानं व्हिडिओ पाठवला. निळा पडदा, पुढे दोन उंच पॅनेल. त्यानं कॅमेरा मागे फिरवला. ॲम्प्लिफायरच्या दोन तारा, बस्स. भिंतीतल्या प्लगला जाणारी वायर नाही. १९५७ च्या क्वॉड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरलाही ती वायर होती! मी उद्यमबागेत २२ वर्षं इलेक्ट्रिकलचं काम केलंय. मी विचारलंसुद्धा. "नवीन मॉडेल आहे काका, ॲम्प्लिफायरमधूनच करंट घेतं." आणि मी "हां" म्हणालो. तो "हां" अजून झोपू देत नाही. वर भिंतीला टेकवून ठेवा म्हणाला. असल्या पॅनेलचा आवाज पुढे तेवढाच मागेही जातो, भिंतीपासून दोन-तीन फूट सोडावे लागतात, हेही मी वाचलेलं होतं.

बयाणा २०,०००. उरलेले ९५,०००. पॅकिंग ४,५००. परत मिळणारा विमा म्हणून ८,७००. 'परत मिळणारा' हा शब्द आला की फोन ठेवा.

नवव्या दिवशी माल आला. कापड उसवलं तर आत प्लायवूडची फळी आणि मागे चिकटवलेले चार एक्सायटर, म्हणजे फळी थरथरवून आवाज काढणारे छोटे डबे. हजार-दोन हजारांचा ऐवज. फोन बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, माल यायची वाट बघू नका. मी केला तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. पुढचं ऐका. इथल्या ठाण्यात म्हणाले, आरोपी महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिकडं गेलो तर पैसे कर्नाटकातून गेले, इकडं या. मराठी अर्ज घेतला नाही. कन्नड करून आणा. ६०० रुपये देऊन करून घेतला, तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला एक जण म्हणाला, "एवढ्या पैशाचे स्पीकर कशाला घ्यायचे?" मी चोरी केली होती का? गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची, असं नव्या फौजदारी संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ सांगतं. त्याची प्रत छापून न्या, मी पाचव्या खेपेला नेली. तेव्हा पोच मिळाली, गुन्हा क्रमांक अजून नाही.

प्लॅनर म्हणून विकत असेल तर पॅनेलजवळ स्क्रूड्रायव्हर धरून बघा, चुंबक ओढतो. पॅनेलवरचं कापड काढायला नको म्हणाला तर उठा. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे. मी एसटीनं जाऊन यायला हवं होतं.

परवा त्याच निळ्या पडद्यासमोरचा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावानं पुन्हा दिसला. मागे वायर नाहीच. किंमत आता १,०५,०००.