खजुरी बाजारातून आणलेली 'जॉब'

इंदूरच्या खजुरी बाजारातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी अमेरिकी विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांची १९८४ सालची 'जॉब : अ कॉमेडी ऑफ जस्टिस' (जॉब म्हणजे बायबलमधला, देवाने कसोटी पाहिलेला भक्त) ही कादंबरी ८० रुपयांना घेतली. पुठ्ठा सुटलेला होता, पण दुकानदारांनी माझ्यासमोर एकेक पान उलटून प्रत पूर्ण असल्याची खात्री करून दिली.

जगाचा अंत जवळ आला आहे असे मनापासून मानणारा नायक एका समांतर जगातून दुसऱ्यात फेकला जातो, खिशातले पैसे दर वेळी कवडीमोल होतात आणि तो भांडी घासून पोट भरतो. तरीही ओडिन या प्राचीन नॉर्स देवाला भजणाऱ्या पत्नीचा जगाच्या अंताआधी उद्धार व्हावा, ही त्याची तळमळ सुटत नाही. धर्माच्या नावाने कायदे करवू पाहणाऱ्या संघटनेचा तो कार्यकर्ता होता, हे लक्षात ठेवले की उपहासाची धार जाणवते. सर्वांत सरस भाग स्वर्गाचा आहे: तिथेही उतरंड आणि कचेरीतली अरेरावी आहे, आणि पत्नी तिथे नाही हे कळताच त्याला तो स्वर्ग नकोसा होतो. कीर्तनात कल्कीची कथा ऐकत वाढलेल्या मला हे प्रकरण फार भिडले. शेवट मात्र घाईने उरकल्यासारखा वाटतो.