जुन्या लॅपटॉपवर मिंट एक्सएफसीई आणि फायरफॉक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दुसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आणि चार जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० या सुरक्षा चिपबरोबर इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्यामुळे तो मार्ग बंदच होता. हा लॅपटॉप मुख्यतः अण्णा वापरतात. सातबारा पाहणे, हळदीच्या सौद्यांचे दर वाचणे, वर्तमानपत्रे आणि संध्याकाळी कीर्तनाचे व्हिडिओ एवढीच त्यांची कामे आहेत. चांगल्या स्थितीतले यंत्र भंगारात घालणे मला पटेना.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घ्यायचे ठरवले. डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचा मेनू, पट्टा आणि खिडक्यांची मांडणी, निवडताना मी प्रथम सर्वांत हलका म्हणून लुबुंटू हा लिनक्सचा प्रकार घेतला. त्याचा एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप खरोखरच हलका आहे, परंतु लुबुंटूतला फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप पद्धतीने, म्हणजे पूरक फायलींसह एका बंद पॅकेजच्या रूपात, बसवलेला असतो आणि सकाळी पहिल्यांदा तो उघडताना इतका वेळ लागे, की अण्णा पुन्हा पुन्हा क्लिक करत आणि मग एकदम चार खिडक्या उघडत. नंतर लिनक्स मिंट २२ हा दुसरा प्रकार घेतला. त्यातला सिनॅमन हा डेस्कटॉप दिसायला देखणा असला, तरी या ग्राफिक्सवर जड वाटला; मिंटचाच एक्सएफसीई हा डेस्कटॉप मात्र सुरू झाल्यावर साधारण सातशे एमबी रॅम घेतो आणि त्याचा खालचा पट्टा व मेनू अण्णांच्या सवयीचाच असल्याने त्यांना नव्याने काही शिकवावे लागले नाही. या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत.

डेस्कटॉप बदलून दोन-तीनशे एमबी वाचतात, पण वर्तमानपत्राचे जाहिरातींनी भरलेले एकच पान तेवढी रॅम सहज खाते, म्हणून ब्राउझरची निवड मला अधिक महत्त्वाची वाटते. मिंटमध्ये फायरफॉक्स स्नॅपशिवाय येतो. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) पूर्ण ताकदीने चालते. क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही-थ्री हे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम आल्यापासून त्याची केवळ लाइट आवृत्ती उरली आहे. हे एक्स्टेन्शन टाकल्यावर पंख्याची घरघर थांबली, हा फरक अण्णांनी स्वतःहून सांगितला. व्हिडिओंची अडचण वेगळी होती. यूट्यूब बहुधा व्हीपी-नाइन या पद्धतीने आकुंचित केलेला व्हिडिओ पाठवतो आणि तो उलगडण्याची सोय या जुन्या ग्राफिक्समध्ये नसल्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एचटूसिक्सफोरिफाय हे छोटे एक्स्टेन्शन त्याऐवजी एच.२६४ हा जुना प्रकार मागवते, जो हे ग्राफिक्स स्वतः उलगडू शकते. तेव्हापासून ७२०पी चे कीर्तन न अडखळता चालते. टॅबवर उजवे क्लिक करून ती मेमरीतून उतरवण्याची सोय १४० व्या आवृत्तीपासून आली आहे, तीही मी त्यांना शिकवली.

खरा कायापालट मात्र हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यावर झाला. पूर्वी लॉगिनपर्यंत पोहोचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ जाई, आता अर्ध्या मिनिटाच्या आत काम सुरू होते. ज्यांना एकच खर्च करणे शक्य आहे, त्यांनी तो इथेच करावा.

त्रासही झाला. वायफायचे ड्रायव्हर सुरुवातीला नव्हते. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घेतले आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ते बसवले. मराठी टंकलेखनासाठी आयबस ही टंकलेखनाची प्रणाली आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक स्वतंत्रपणे जोडावे लागले. त्यानंतर जोडाक्षरांची काहीच तक्रार राहिली नाही.

शेजारच्या काकांनी हे पाहून त्यांचा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरचा, एक जीबी रॅमचा संगणक आणून दिला. त्यांना मी स्पष्ट नकार दिला, कारण ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ या लिनक्सच्या प्रकारात ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही आणि फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्सचा आधार काढून घेतला आहे. नव्या आवृत्त्या न मिळणाऱ्या अशा यंत्रावर बँकेचे संकेतस्थळ उघडायला सांगणे मला योग्य वाटले नाही.