बी.एस्सी.साठी इनऑरगॅनिकचं पुस्तक: ली, मिस्लर-टार की श्रायव्हर-ॲटकिन्स?

इनऑरगॅनिकचं एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर आधी ग्रंथालयात ही तिन्ही काढा आणि पाण्याचा रेणू कसा शिकवलाय ते पाहा.

जे. डी. ली यांची मांडणी बारावीत शिकलेलीच आहे. ऑक्सिजनचं एसपी-3 हायब्रिडायझेशन, दोन बंध, दोन लोन पेअर आणि लोन पेअरच्या रेट्यामुळे 109.5 अंशांवरून साधारण 104.5 वर आलेला कोन. आकार समजायला एवढं पुरतं. पण या चित्रात दोन्ही लोन पेअर अगदी सारख्या. पाण्याच्या फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये (रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते दाखवणाऱ्या आलेखात) मात्र साधारण 12.6 आणि 14.7 इलेक्ट्रॉन-व्होल्टला दोन वेगळे पट्टे येतात, म्हणजे त्यांची ऊर्जा सारखी नाही. हे का, याचं उत्तर मिस्लर-टारकडे आहे. ते आधी सिमेट्री (रेणूची सममिती) आणि ग्रुप थिअरी (त्या सममितीचं गणित) शिकवतात, मग त्यातून पाण्याचे ऑर्बिटल बांधून दाखवतात. ऑक्सिजनचं रेणूच्या प्रतलाला लंब असलेलं पी ऑर्बिटल बंधात भागच घेत नाही हे कळलं, की 12.6चा पट्टा कुठला ते तुम्हीच सांगाल. हा आनंद प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावा असं मला मनापासून वाटतं.

तरी पहिल्या वर्षाला मी मिस्लर-टार सुचवणार नाही. एस आणि पी ब्लॉकची सगळी मूलद्रव्यं तिथे एका प्रकरणात उरकली आहेत. बोरेन, झेनॉनची संयुगं, फॉस्फरसची ऑक्सिॲसिडं यांवर प्रश्न आला, तर उत्तर लीमध्येच सापडतं, गटवार आणि सोप्या इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना या सोपेपणाचा मोठा आधार होतो. ली यांची पाचवी आवृत्ती 1996ची आहे, त्यामुळे नव्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. आणि दुकानात नाव नीट वाचा: लीच्याच नावानं जेईईसाठी बेतलेली आवृत्तीही मिळते, ती बी.एस्सी.साठी नव्हे.

श्रायव्हर-ॲटकिन्समध्ये पाया आणि गटवार माहिती दोन्ही आहे, शिवाय कॅटॅलिसिस आणि जैव-इनऑरगॅनिकही. मँगेनीजची फ्रॉस्ट आकृती (ऑक्सिडेशन अवस्थांची सापेक्ष ऊर्जा दाखवणारा आलेख) वाचायला शिकलात, की आम्लात प्लस तीन अवस्था का टिकत नाही हे पाठ करावं लागत नाही: तिचा बिंदू शेजारच्या दोन अवस्थांना जोडणाऱ्या रेषेच्या वर असतो. मजकूर मात्र दाट आहे, एका बैठकीत चार-पाच पानांपुढे सरकत नाही. हाउसक्रॉफ्ट-शार्प यांचं पुस्तकही त्याच वळणाचं. सोडवलेली उदाहरणं हवी असतील तर ते पाहा. ह्यूई यांचं पुस्तक एम.एस्सी.पर्यंत थांबू शकतं.

पाया कच्चा असेल तर ली विकत घ्या आणि मिस्लर-टारची सिमेट्री व मॉलिक्युलर ऑर्बिटलची प्रकरणं ग्रंथालयात बसून वाचा. एम.एस्सी. नक्की करायची असेल तर पैसे श्रायव्हर-ॲटकिन्सवर घाला. एखादी आवृत्ती जुनी, सेकंडहँड मिळाली तरी चालेल.