सुझाना प्लेस, द रॉक्स, सिडनी: आईबाबांना घेऊन जायची जागा (५ पैकी ५)

आईबाबा सिडनीला आले की ऑपेरा हाऊस झालं, ब्रिज झाला, ब्लू माउंटन्स झाले, आता पुढे काय, हा प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. सर्क्युलर की स्टेशनला उतरायचं, थोडा चढ चढायचा, की द रॉक्स ह्या सिडनीच्या जुन्या वस्तीत ग्लॉस्टर स्ट्रीटवर ५८ ते ६४ नंबरची एकाला एक चिकटलेली चार विटांची घरं लागतात. तेच सुझाना प्लेस म्युझियम. आई बाहेरूनच म्हणाली, "हे? ह्यात काय बघायचंय?"

खरं तर आदल्याच दिवशी एका खाजगी वॉकिंग टूरवर आम्ही पैसे घालवले होते, नाव नाही घेत. दीड तास नुसती भुतं, खून आणि दारूचे गुत्ते. रॉक्समध्ये जणू कोणी कधी भात शिजवला नाही की पोराला शाळेत पाठवलं नाही. त्यामुळे बाबा आधीच वैतागलेले.

इथे सगळं उलट. १८४४ मध्ये रायली नावाच्या आयरिश नवराबायकोने ही घरं बांधली आणि तिथपासून १९९० पर्यंत शंभरावर कुटुंबं इथे राहून गेली, बहुतेक भाडेकरू. आणि म्युझियम करताना त्यांनी घरं चकाचक केली नाहीत हे मला सगळ्यात आवडलं, भिंतीवर वॉलपेपरचे थरावर थर तसेच आहेत, जमिनीवर लिनोलियमचे तुकडे तसेच, प्रत्येक खोली वेगळ्या काळातली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान डबे-बरण्यांसकट मांडलंय. स्वयंपाकघर तळघरात. संडास आणि कपडे धुवायची जागा मागच्या अंगणात, तिथे गेल्यावर आईचा चेहरा खुलला, "अहो बघा, अगदी आपल्यासारखं, डबा घेऊन बाहेर!" गाईड बिचारी हसली, तिला कळलं काही नाही.

बाबांनी तर कहर केला. विचारतात, पागडी होती का? मी भर टूरमध्ये पागडी म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये समजावतोय, लोक ऐकतायत.

पण बाबांना खरा रस आला तो प्लेगच्या गोष्टीत. जानेवारी १९०० मध्ये सिडनीत प्लेगचा पहिला पेशंट सापडला, तो धक्क्यावर माल नेणारा गाडीवाला, राहायला इथेच शेजारी मिलर्स पॉइंटला. त्या साथीत ३०३ जणांना लागण झाली, १०३ गेले. मग गल्ल्याच्या गल्ल्या बंद केल्या, चुना मारला, उंदीर मारून आणणाऱ्याला पैसे. आणि सरकारने रॉक्स आणि आजूबाजूची धक्क्याजवळची वस्तीच ताब्यात घेतली. बाबा परळच्या बीआयटी चाळीत वाढलेत, ती चाळ बांधणारा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा, तोही मुंबईत १८९६ ला आलेल्या प्लेगमुळेच निघालेला. मुंबईत हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने बनवलेली प्लेगची लस इथे सिडनीतही टोचली होती. तळघरातल्या चुलीपाशी बाबा मला हळूच म्हणाले, "म्हणजे आमचा आणि ह्यांचा उंदीर एकच."

सरकार घरमालक झालं म्हणून घरं वाचली असं वाटेल, तर नाही, बरीचशी सरकारनेच पाडली. हार्बर ब्रिजच्या कामात १९२० च्या दशकात प्रिन्सेस स्ट्रीट नावाचा अख्खा रस्ता गेला, भाडेकरूंना भरपाई शून्य. १९७० च्या आसपास उरलेलं पाडून ऑफिसचे टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा रहिवासी बिल्डिंग कामगारांच्या युनियनकडे गेले, आणि जॅक मंडी ह्या पुढाऱ्याच्या त्या युनियनने १९७१ मध्ये सांगितलं की आमचा माणूस इथे पाडकामाला हात लावणार नाही. ह्याला ग्रीन बॅन म्हणतात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला युनियन पगारासाठी भांडताना माहीत, पण दुसऱ्याच्या घरासाठी स्वतःची मजुरी सोडणारी युनियन? बाबा दोनदा म्हणाले, परत सांग. आज तिथे आर्गाइल स्ट्रीटजवळ जॅक मंडी प्लेस असं नावही आहे. फोटो काढलाय.

प्रॅक्टिकल गोष्टी. टूर गाईडबरोबरच असते, ग्रुप छोटा, त्यामुळे वेळ वेबसाइटवर बघून आधी बुक करा. जिने अरुंद आणि उभे आहेत, पावणेदोनशे वर्षांहून जुनं घर आहे, लिफ्ट कुठून असणार, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा (आई दोन्ही हातांनी कठडा धरून उतरली, पण उतरली). फार छोट्या मुलांना कंटाळा येईल असं मला वाटतं, माझा सहा वर्षांचा भाचा मात्र किराणा दुकानातून हलायला तयार नव्हता.

शेजारीच बिग डिग आहे, १९९४ ला तिथे खणून जुन्या घरांचे पाये आणि लाखो वस्तू काढल्या. वर खांबांवर यूथ हॉस्टेल उभं केलंय आणि खाली पाये दिसतात, जाता जाता बघून घ्या, पाच-दहा मिनिटं पुरतात.

जेवायला खाली कॅफेंमध्ये शिरू नका, आम्ही एका ठिकाणी तीन कॉफीचे पैसे दिले ते बाबांनी रुपयांत मोजले आणि संध्याकाळपर्यंत तेच. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा डबा नेला, वर ऑब्झर्व्हेटरी हिलवर झाडाखाली बसून पोळी-भाजी खाल्ली, समोर ब्रिज. आई म्हणे प्रिन्सेस स्ट्रीट नेमका कुठे होता रे, आणि बाबा पोळीचा तुकडा हातात धरून ब्रिजच्या रस्त्याकडे दाखवत बसले.