‘फिक्स किराया’ देणाऱ्याच्या हाती फ्लॅट सोपवण्याआधी

लातूर, नांदेड, संभाजीनगर अशा ठिकाणी ज्यांचे एक-दोन फ्लॅट आहेत आणि जे स्वतः गावी किंवा नोकरीच्या ठिकाणी राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्हालाही कधीतरी असा माणूस भेटेल. तो म्हणेल, “फ्लॅट मला द्या. भरलेला असो की रिकामा, दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला किराया तुमच्या खात्यात. पोरांची कटकट, पाण्याची कटकट, सगळं माझ्याकडं.” आम्हाला असाच माणूस भेटला. पहिले पाच महिने त्याने एक तारीख चुकवली नाही, आणि ते पैसे कुठून येत होते हे कळायला डिसेंबर उजाडला.

आम्ही उदगीरला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, यांची नोकरी आणि थोडी शेती. मुलीच्या अकरावी-बारावीच्या निमित्ताने लातूरला येणं-जाणं वाढलं, तेव्हा तिथल्या खोल्यांची मागणी डोळ्यांनी पाहिली. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, नांदेड, कुठून कुठून लेकरं ‘नीट’च्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, तयारीला येतात. एका खोलीत तीन-तीन कॉट, बाहेर मेसचा डबा. पुढे आम्ही एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले. दोन्हींवर मिळून तीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता २७ हजारांच्या जवळ. असं कर्ज घेतलेल्यांना माहीत असेल, सुरुवातीच्या काळात त्या २७ हजारांतले साधारण साडेबावीस हजार नुसत्या व्याजात जातात. म्हणजे एखादा महिना फ्लॅट रिकामा राहिला तर सगळा भार पगारावर.

या माणसाने दोन्ही फ्लॅटचे मिळून महिन्याला २४ हजार कबूल केले आणि एका महिन्याचा किराया, म्हणजे २४ हजार, डिपॉझिट म्हणून आमच्याकडे ठेवले. लातुरात घरमालकाची खरी डोकेदुखी पाणी असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते इथलं कुणी विसरलेलं नाही. बोअर आटला की टँकर, टँकर आला नाही की पोरांचे फोन. हे सगळं तो बघणार होता. रंग दिला, आरओ बसवला, नव्या कोऱ्या कॉट टाकल्या. त्या कॉटही भाड्याच्या होत्या. पुढे फर्निचरवाला त्या उचलून न्यायला आला तेव्हा ते कळलं.

आता कागदांबद्दल सांगते, कारण खरी फसवणूक तिथे झाली. पाचशेच्या बॉण्डवर अकरा महिन्यांचा करार झाला, नोटरी झाली. त्याबरोबर एक साधं दीड पानी अधिकारपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की सदर व्यक्तीस आमच्या वतीने फ्लॅटची देखभाल करणे, राहणारे ठरवणे, किराया व डिपॉझिट स्वीकारणे आणि पावती देणे यांचा अधिकार राहील. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी म्हणून त्याने आधार, लाईट बिल आणि इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदी नोंदणीचा उतारा) यांच्या झेरॉक्स घेतल्या. राहणाऱ्या एकाचीही माहिती त्याने पोलीस ठाण्यात कधी दिली नाही. त्या झेरॉक्स त्याने पालकांना दाखवायला वापरल्या: हा बघा मालकांचा कागद, हे त्यांचं आधार, ही त्यांची सही.

आणखी दोन गोष्टी त्याने केल्या, आणि त्या प्रत्येक घरमालकाने नीट वाचाव्यात. लाईट बिलावरचा मोबाईल नंबर बदलून त्याने स्वतःचा लावला. त्यामुळे थकबाकीचे मेसेज आमच्याकडे यायचे बंद झाले. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या जागी स्वतःला घ्यायला लावलं, “तुम्हाला उगाच त्रास नको” म्हणून. आम्ही लातूरला येतो म्हटलं की म्हणायचा, “मॅडम, पोरांच्या टेस्ट चालू आहेत, डिस्टर्ब होतं. मी फोटो टाकतो ना.” फोटो यायचे. स्वच्छ फरशी, आवरलेल्या कॉट.

डिसेंबरमध्ये पाच तारीख गेली, दहा गेली. फोन लागतो पण उचलत नाही, मग बंद. त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंगोली जिल्ह्यातले एक शेतकरी, त्यांचा मुलगा आमच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून माझा नंबर मिळवला होता. “मॅडम, तुमचा माणूस फोनच उचलंना. मोटार जळाली म्हनतेत, पोरायला पानी नाही. आम्ही तर दहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेत की तुमच्याकडं.”

तुमच्याकडं. त्या एका शब्दाने पायाखालची जमीन सरकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूर गाठलं आणि पावत्या बघितल्या. पहिल्या फ्लॅटमध्ये सहा मुलं. प्रत्येकाकडून महिना साडेचार हजारांप्रमाणे जुलै ते एप्रिल अशा दहा महिन्यांचे ४५ हजार एकरकमी, वर दहा हजार डिपॉझिट. सहा जणांचे मिळून ३ लाख ३० हजार, तेही जून-जुलैमध्ये, पेरणीच्या तोंडावर. त्या शेतकरी वडिलांनी बी-बियाण्याला ठेवलेल्या पैशांतून भरले होते. प्रत्येक पावतीवर ‘मालकाच्या वतीने’ असा शिक्का आणि त्याची सही.

दुसरा फ्लॅट मुलांना दिलेलाच नव्हता. तिथे खासगी नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं कुटुंब राहत होतं, सोबत म्हातारी आई. त्यांच्याशी त्याने ‘हेवी डिपॉझिट’चा व्यवहार केला होता: साडेतीन लाख एकदम द्यायचे, दोन वर्षं किराया नाही, जाताना साडेतीन लाख परत. बायकोचे दागिने मोडून त्यांनी पैसे उभे केले होते. त्यांच्याकडेही नोटरी केलेला कागद होता, आणि त्याला आमच्या अधिकारपत्राची झेरॉक्स जोडलेली.

आता हिशोब बघा. त्याच्या हातात आले ६ लाख ८० हजार. आम्हाला त्याने पाच महिन्यांचे १ लाख २० हजार आणि डिपॉझिटचे २४ हजार दिले. उरलेले ५ लाख ३६ हजार घेऊन तो गेला. आमच्या खात्यात पाच तारखेला येणारे १२-१२ हजार हे त्याच मुलांचे आणि त्याच कुटुंबाचे, जुलैतच घेऊन ठेवलेले पैसे होते. वेळेवर किराया देत राहणं हा त्याच्या बेताचाच भाग होता. त्या शिस्तीमुळेच आम्हाला लातूरला जाऊन दार वाजवायची गरज वाटली नाही.

मला वाटलं होतं की आपणही फसलो आणि तेही फसले, तर दोघांचा गुन्हेगार एकच. वकिलांनी अधिकारपत्र वाचलं आणि भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३७ समजावून सांगितलं. आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने आपण तिसऱ्या माणसाला असं मानायला लावलं की अमुक माणसाला आपल्या वतीने व्यवहाराचा अधिकार आहे, तर त्या व्यवहाराची बांधिलकी आपल्यावर येते. इथे तर डिपॉझिट घेण्याचा अधिकार लेखी होता. कलम २०८ त्याहून बोचरं आहे: दिलेला अधिकार आपण काढून घेतला तरी, तिसऱ्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच राहतो. म्हणून वकिलांनी त्याच दिवशी अधिकारपत्र रद्द केल्याची नोटीस त्याच्या पत्त्यावर पाठवायला लावली आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. नाहीतर ती झेरॉक्स दाखवून तो जानेवारीत आणखी कुणाकडून पैसे उचलू शकला असता.

नोटरीलाच नोंदणी समजणारे लोक आपल्याकडे फार आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज धरतात. १२ हजार किराया, २४ हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर हे तीनशे ते चारशे रुपयांच्या दरम्यान येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. हे काम घरबसल्या ऑनलाइनही होतं. आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट शुल्क मागता येतं.

पोलीस ठाण्यात आधी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असंच ऐकायला मिळालं. मग सहाही मुलांचे पालक, ते कुटुंब आणि आम्ही मिळून तक्रार लिहिली. तारखांप्रमाणे यूपीआयच्या नोंदी, पावत्या, फोटोंचे मेसेज, सगळं क्रमाने लावलं. शोधाशोध करता त्याच माणसाकडून असेच अडकलेले आणखी दोन घरमालक सापडले. एकाच माणसाने एकाच पद्धतीने इतक्यांना गंडवलं हे कागदावर दिसलं की सुरुवातीपासूनचा हेतू दिसतो. ठाण्यात नोंद होईना म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवला. त्यानंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि ३१६ खाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात, गुन्हा दाखल झाला. त्याच्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. तो अजून सापडलेला नाही.

मुलांना आम्ही हलवलं नाही. मे महिन्यात त्यांची परीक्षा होती. जळालेली मोटार दुरुस्त करून आणली, कॉटचं भाडं आम्ही भरलं, एप्रिलपर्यंतचा किराया सोडला आणि जाताना सगळ्यांचं डिपॉझिट, ६० हजार, परत केलं. त्या कुटुंबाशी लेखी तडजोड झाली: ठरलेल्या दोन वर्षांतले उरलेले १९ महिने त्यांनी किराया न देता राहायचं, आणि पूर्ण दोन वर्षांचा महिना १२ हजारांनी हिशोब करून साडेतीन लाखांतले जे ६२ हजार उरतात, त्याचा दावा त्यांनी त्या माणसावर ठेवायचा. हा करार मात्र नोंदणी करून केला. थकलेलं लाईट बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स धरून आमचं नुकसान साडेतीन लाखांच्या पुढे गेलं.

बँकेचा हप्ता या सगळ्यात एक महिनाही थांबत नाही. ९० दिवस थकला तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, आणि मग सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करण्याचा कायदा) साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. आम्ही सोनं तारण ठेवून हप्ते भरले. कर्जाचा करारही काढून वाचा. फ्लॅट भाड्याने देण्याआधी बँकेची लेखी परवानगी लागेल, अशी अट बहुतेक करारांत असते.

देखभालीला माणूस ठेवूच नका असं मी म्हणत नाही. उदगीरहून लातूरची मोटार आम्हालाही सांभाळता येत नाही. आता एक माणूस आहे, त्याला महिन्याचा पगार देतो. त्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की कोणाकडूनही कोणतीही रक्कम, किराया वा डिपॉझिट, घेण्याचा त्याला अधिकार नाही. प्रत्येक मुलाच्या पालकाशी नोंदणीकृत करार आम्ही स्वतः करतो, पैसे थेट आमच्या खात्यात येतात, लाईट बिलावर माझा नंबर आहे. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहितो की कशासाठी आणि कुणाला दिली, तारखेसह.

जूनमध्ये नवीन मुलं यायला लागतील. ज्यांनी फ्लॅट कुणाच्या हवाली केला आहे, त्यांनी त्याआधी न कळवता एकदा जाऊन या. आत जे राहतात त्यांना स्वतःचं नाव सांगा आणि विचारा, पैसे किती दिले, कुणाला दिले, आणि पावती बघायला मागा.