गाडीच्या भांडवलासाठी कर्ज: स्वनिधी, बचत गट, मायक्रोफायनान्स की रोजवसुलीवाला?

कर्ज कुणाकडून घ्यायचं हे नंतर ठरवा. किती लागतं त्याचा हिशेब आधी मांडा. रोज पहाटे मार्केटमधून ३,५०० रुपयांचा भाजीपाला उचलणाऱ्याला साधारण तीन दिवसांच्या खरेदीएवढं खेळतं भांडवल पुरतं: एका दिवसाचा माल गाडीवर, तेवढीच रक्कम गिऱ्हाइकांच्या उधारीत आणि तेवढीच पावसापाण्यासाठी हाताशी. म्हणजे दहा-साडेदहा हजार. त्याहून जास्त मिळालेलं कर्ज बहुतेक वेळा शाळेच्या फीला, दवाखान्याला, घरभाड्याला जातं. ती गरज खरीच असते, पण त्या पैशाचा माल न आल्यामुळे त्याचा हप्ता नफ्यातून निघत नाही. तो मूळ भांडवल खातो. म्हणून घरखर्चासाठी घ्यायचं असेल तर तसं मान्य करून वेगळं आणि छोटं घ्यावं.

आता हातात १०,००० रुपये हवेत असं धरू.

| कुठून | कशी फेड | एकूण व्याज |
|---|---|---|
| बँकेतून स्वनिधी (पथविक्रेत्यांसाठीची केंद्र सरकारची कर्ज योजना), १२ टक्के धरून | १२ महिने, दरमहा सुमारे ८८८ | ६६२. अनुदान मिळाल्यावर सुमारे २७५ |
| बचत गटाचं अंतर्गत कर्ज, दरमहा २ टक्के | १० महिने, मुद्दल १,००० अधिक व्याज | १,१०० |
| मायक्रोफायनान्स, २४ टक्के धरून | १२ महिने, दरमहा सुमारे ९४६ | सुमारे १,३५०, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा |
| रोजवसुली: ९,००० हातात, १०० रुपये रोज | १०० दिवस | ९,००० वर १,०००, म्हणजे हातात १०,००० धरले तर सुमारे १,१११ |

बचत गट आणि रोजवसुलीवाला यांचे आकडे जवळपास सारखे दिसतात, आणि फसगत इथेच होते. गटाचे १,१०० रुपये दहा महिन्यांचे आहेत, रोजवसुलीवाल्याचे १,१११ शंभर दिवसांचे. वर्षाच्या दरात मोजलं तर गटाचा दर २४ टक्के, रोजवसुलीचा ७८ टक्क्यांच्या आसपास. दहा हजारांवर ९,००० ऐवजी ८,५०० हातात ठेवणारेही असतात. तिथे तो १२० टक्क्यांपर्यंत जातो. ‘सकाळी ९०० घे, संध्याकाळी १,००० दे’ या व्यवहाराचा वार्षिक दर काढण्यात अर्थच नाही. महिन्याचे २५ दिवस असे पैसे उचलले तर २,५०० रुपये नुसते व्याजात जातात, आणि भांडवल मात्र ९०० च्या वर सरकत नाही.

तरीही लोक त्याच्याकडे जातात, त्याला कारण आहे. तो कागद मागत नाही, पैसे तासाभरात देतो आणि वसुलीला गाडीवर येतो. रोज गल्ला जमणाऱ्या धंद्याला रोजचा हप्ता सोयीचा पडतो. महिन्याच्या पाच तारखेला एकदम हजार-बाराशे काढणं जड जातं. ही सोय स्वस्त कर्जालाही लावता येते, ते पुढे आहेच.

स्वनिधी

शहरातल्या पथविक्रेत्याने सुरुवात इथूनच करावी. योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली आणि रकमाही बदलल्या: पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर २५,००० पर्यंत, मग ५०,००० पर्यंत. तारण लागत नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. हप्ते वेळेवर भरले तर वार्षिक ७ टक्के व्याज अनुदान खात्यात जमा होतं. दुसरं कर्ज वेळेत फेडणाऱ्यांसाठी यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही आहे.

अर्जाला पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा पथविक्रेत्याचं ओळखपत्र लागतं. सर्वेक्षणात नाव राहून गेलं असेल तर पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं शिफारसपत्र चालतं. अर्ज अडकतो तो बहुतेक किरकोळ कारणांनी: आधारला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला, सर्वेक्षणातलं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं (लग्नाआधीचं आडनाव हा नेहमीचा घोळ), बँक खातं बंद पडलेलं. हे तिन्ही आधी दुरुस्त करून मगच अर्ज भरा. अर्ज पुढे सरकवायला पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्याकडे आधार आणि ओटीपी अजिबात देऊ नका.

कर्ज मिळाल्यावरची चूक वेगळीच असते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी शिल्लक नसली की बँकेचा दंड बसतो आणि अनुदानही हातचं जातं. १५,००० चा हप्ता १२ टक्क्यांनी १,३३३ रुपये पडतो. गाडीवरचा क्यूआर कोड त्याच कर्जखात्याच्या बँकेतल्या बचत खात्याला जोडा आणि रोजचे ५५ रुपये तिथेच राहू द्या. धंद्याच्या २५ दिवसांत हप्त्यापेक्षा थोडं जास्तच जमतं. रोजवसुलीवाल्याची सगळी सोय एवढ्यात होते.

ही योजना मुळात शहरांसाठी आहे. आता ती टप्प्याटप्प्याने जनगणना शहरं (जनगणनेत शहर म्हणून मोजलेली मोठी गावं) आणि शहरालगतच्या भागांपर्यंत नेली जाते आहे, पण खेड्यातल्या आठवडी बाजारात पाल टाकणाऱ्याला तिचा उपयोग बहुधा होत नाही.

बचत गट

खेड्यातल्या अशा विक्रेत्याच्या घरातल्या बाईला मात्र बचत गट उपयोगी पडतो. दोन टक्के दर ऐकायला जास्त वाटतो, पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहतं. गट किमान सहा महिने पंचसूत्रीने चालला (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब) की बँकेकडे जाता येतं. ग्रामीण भागात उमेद या राज्याच्या जीवनोन्नती अभियानातल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. अडचण वेळेची आहे: बैठक महिन्यातून एकदा, पेटीतली रक्कम थोडी, आणि मागणाऱ्या चार-पाच जणी एकदम. दिवाळीच्या मालासाठी पैसे हवे असतील तर मागणी श्रावणातच नोंदवा.

मायक्रोफायनान्स

पैसे लवकर मिळतात, रकमेला वाव असतो, पण २० ते २६ टक्के व्याज परवडतं ते ठरावीक कामाला: नवी हातगाडी, वजनकाटा, रसाचं यंत्र. रोजच्या भाजीसाठी हे महाग आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाला विनातारण कर्ज, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत, मुदतीआधी फेडीला दंड नाही, उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर. निम्म्याची मर्यादा कंपनीसाठी आहे; तुम्ही ती स्वतःची समजू नका. पावसाळा, आजारपण, अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलणं हे धरून धंद्याचे दिवस २२ मोजा, आणि त्यातून घरखर्च जाऊन उरणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांशावर हप्ते जाऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त घरं अडचणीत येतात ती दुसऱ्याला आपल्या नावावर कर्ज काढून दिल्याने. शेजारीण म्हणते, ‘हप्ता मी भरते, फक्त सही तुझी.’ ती गाव सोडून गेली की थकबाकी तुमच्या नावावर चढते, आणि पुढे स्वनिधीलाही बँक नाही म्हणते. वसुलीवाला घरी येऊन बसत असेल तर नियम माहीत असू द्या: ठरलेल्या ठिकाणी लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा कर्जदार आला नाही, तरच त्याला घरी यायची मुभा आहे. शिवीगाळ, धमकी याला कधीच नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

पतसंस्थेची पिग्मी आधीच चालू असेल तर जमा रकमेवरचं कर्ज हा बरा मार्ग आहे. फक्त तिथली ठेव बँकेसारखी विम्याखाली नसते, त्यामुळे सगळी पुंजी तिथे ठेवू नये. मोबाइल ॲपवरच्या सात-पंधरा दिवसांच्या कर्जाकडे वळूच नका. सावकाराकडे जायचंच असेल तर परवाना बघा. महाराष्ट्रात त्याचे व्याजदर सरकारने ठरवून दिलेले आहेत. बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के. रोजवसुलीवाल्यांपैकी कुणी या दराने देताना दिसत नाही. परवाना नसलेल्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

सही करण्याआधी एकच गोष्ट विचारा: व्याज घटत्या मुद्दलावर की सरसकट? १०,००० वर ‘१२ टक्के सरसकट’ म्हणजे वर्षाला १,२०० रुपये, दरमहा ९३३ चा हप्ता, आणि खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. शेवटचा हप्ता भरला की त्याच आठवड्यात बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा कागद, मागून घ्या. पुढचं मोठं कर्ज मागताना जुनं खातं नोंदीत उघडंच दिसलं, तर दाखवायला हाच कागद लागतो.